पाण्याच्या वाटेने महाड-पोलादपूर

मुंबई हे बेट आहे, हे वाशीच्या खाडीपुलावरून जाताना आता कुणाच्या ध्यानातही येत नाही. पण माझगाव, डॉकयार्ड, शिवडी या भागांत राहणाऱ्या महाड-पोलादपूरच्या जुन्या पिढीला ते चांगलं ठाऊक होतं. गावी जायचं म्हणजे आधी पाणी ओलांडायचं आणि मग मोटार धरायची, हा त्यांचा क्रम. कुणी बोटीने धरमतरला उतरून मोटारीने महाडला जाई, कुणी हरिहरेश्वरापर्यंत आगबोटीने जाऊन सावित्रीच्या खाडीतून दासगावला येई. रस्ते झाले, एसटी घरापर्यंत आली आणि ही वाट मागे पडली. ती बंद मात्र झालेली नाही. धक्क्यावरून बोट, पलीकडे अलिबागपर्यंत बस आणि अलिबागहून महाड-पोलादपूरकडे एसटी, असा प्रवास आजही करता येतो. मी तो अनेकदा केला आहे. कधी फार सुखाचा झाला, कधी चांगलाच अंगावर आला. त्यातून जे कळलं ते इथे सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे प्रवासाचा हिशेब मुंबईच्या टोकाकडून मांडू नका, घराच्या उंबऱ्यापासून उलटा मांडा. तुम्हाला कापडे, उमरठ, कुडपण किंवा बिरवाडी, वरंध, पाचाड यांपैकी कुठे जायचं असेल, तर महाड किंवा पोलादपूर स्टँडवरून तिकडे सुटणारी शेवटची गाडी किती वाजता आहे, हे आधी विचारून घ्या. बहुतेक वेळा ती वस्तीची एसटी असते. गावात रात्री मुक्काम करते आणि पहाटे परत निघते. ती चुकली की पुढे रिक्षावाल्याच्या मर्जीवर किंवा कुणाच्या तरी मोटारसायकलवर अवलंबून राहावं लागतं. म्हणून शेवटच्या गाडीच्या वेळेतून महाडपर्यंतचे चार तास वजा करा, अलिबागला गाडी मिळेपर्यंतचा एक तास वजा करा, धक्क्यापासून अलिबागपर्यंतचे दोन-अडीच तास वजा करा. उरेल ती तुमची बोटीची वेळ. असा हिशेब केला की कळतं, पोलादपूरच्या आतल्या गावात त्याच दिवशी पोहोचायचं तर सकाळच्या पहिल्या-दुसऱ्या बोटीला पर्याय नाही. दुपारी निघालेल्या माणसाने महाडात किंवा पोलादपुरात नातेवाइकाकडे मुक्काम ठरवूनच निघावं.

हा उलटा हिशेब नवा नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून निघाले, तेव्हा धरमतरची वाट जवळची होती. पण धरमतरला उतरल्यावर पुढचं सगळं मोटारवाल्यांच्या हातात. त्यांनी बहिष्कार घालून गाड्या नाकारल्या असत्या, तर तिथून महाड चालत गाठणं शक्य नव्हतं. म्हणून बाबासाहेबांनी लांबची वाट निवडली. ‘पद्मावती’ बोटीने हरिहरेश्वरापर्यंत आणि तिथून खाडीतून दासगाव बंदर. दासगावाहून महाड पाच मैल. मोटार मिळाली नाही तर पायी जाता येईल, एवढाच त्यामागचा विचार होता. पाण्यावरच्या प्रवासाची काळजी सगळेच करतात, पण अडकायला होतं ते उतरल्यानंतरच्या गाडीपाशी, हे त्या निवडीत स्पष्ट दिसतं. आज बहिष्काराचा प्रश्न नाही, गाडी असण्या-नसण्याचा आहे. वाट निवडताना मात्र तोच प्रश्न विचारायचा: शेवटची गाडी नाही मिळाली तर मी काय करीन?

आता धक्क्यांविषयी. मुंबईहून अलिबागकडे जायला तीन सोयी आहेत आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला कॅटामरान आणि लाँचा जातात. पाण्यावर साधारण तासभर लागतो. या सेवांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बसचं भाडं धरलेलं असतं, म्हणून बोटीतून उतरल्यावर तिकिटाचा कपटा फेकून देऊ नका, बसमध्ये चढताना तो लागतो. दुसरी सोय भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीची. मार्च २०२० मध्ये ती सुरू झाली. मोठी, स्थिर बोट आहे आणि पोटात मोटारी, मोटारसायकली घेते. तिसरी आणि सगळ्यांत जुनी म्हणजे भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाणारी लाकडी लाँच. भाडं कमी, माणसं गावाकडची, आणि रेवसच्या बंदरातून अलिबागची एसटी.

भाऊच्या धक्क्याला जायला हार्बर लाईनचं डॉकयार्ड रोड स्टेशन सोयीचं. तिथून टॅक्सी करा. सामान नसेल तर चालतही जाता येतं, पण पहाटे मासळीचे टेम्पो आणि हातगाड्या यांतून वाट काढावी लागते आणि जमीन ओली, बुळबुळीत असते. चप्पल घट्ट पायाची घाला. लाँचवर चढताना धक्का आणि लाँच यांच्यामध्ये पाणी वर-खाली होत असतं. लाँच वर उचलली गेली की खलाशी हात पुढे करतो. त्याच क्षणी पाय टाकायचा. हातात पिशवी धरून उडी मारायची नाही, पिशवी आधी त्याच्याकडे द्यायची. म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांना घाईत चढवू नका. खलाशी थांबतात, त्यांना सवय असते.

रेवसच्या वाटेवर एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे ओहोटी. रेवसच्या बंदरात गाळ फार. पाणी ओसरलं की लाँच धक्क्याला लागत नाही किंवा अलीकडेच चिखलात बसते. म्हणून तिथल्या फेऱ्यांच्या वेळा भरती-ओहोटीप्रमाणे बदलतात आणि काही फेऱ्या सरळ रद्द होतात. एकदा मी आईला घेऊन या वाटेने निघालो होतो. पौर्णिमेचा आदला दिवस होता आणि मी पंचांगात डोकावलोही नव्हतो. संध्याकाळच्या आत अलिबागला पोहोचू आणि रात्री महाडला आत्याकडे उतरू, असा बेत. रेवसचा धक्का समोर दिसत होता, त्यावरची माणसं ओळखू यावीत इतका जवळ, आणि लाँच थांबली. पंखा फिरला की मागे काळा चिखल उसळे आणि लाँच जागची हले ना. तासाभराहून जास्त वेळ आम्ही तसेच बसलो. बाजूने बगळे चिखलातून चालत पुढे जात होते, आम्ही मात्र तिथेच. पाणी भरल्यावर उतरलो, तोवर धक्क्यावरची एसटी तिच्या वेळेवर निघून गेली होती. त्यात गाडीचा दोष नव्हता, माझा होता. ती रात्र आम्ही अलिबागच्या स्टँडवर काढली.

त्यानंतर मी कोळ्यांचा हिशेब शिकलो, तो तुम्हीही शिका. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, येईल ती पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमेला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. भरती दुपारी आणि मध्यरात्री, ओहोटी सकाळी-संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला. अमावास्येलाही तसंच. प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा एकपासून सुरू. त्यात अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण बेत आखायला तेवढं पुरतं. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं, म्हणून त्या दिवसांतली सकाळ-संध्याकाळची ओहोटी सगळ्यांत वाईट. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याची चढउतार कमी, तेव्हा रेवसची वाट त्या मानाने निर्धोक. मांडव्याला हा त्रास जाणवण्याइतका नाही. तिथीचा हिशेब जमत नसेल तर मांडव्यानेच जा.

पावसाळ्याबद्दल मी कडक बोलणार आहे. जूनपासून साधारण ऑगस्टअखेरपर्यंत गेटवे-मांडवा या मार्गावरच्या लाँचा आणि कॅटामरान बंद असतात. रो-रो पावसातही चालते, पण हवामान बिघडलं की ऐनवेळी फेरी रद्द होते, म्हणून निघण्याआधी चौकशी करायलाच हवी. आणि बोट सोडायची नाही असं बंदरखात्याने किंवा तांडेलाने ठरवलं असेल तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट मुंबईहून रेवसला निघाली होती. दुसऱ्या दिवशी आषाढी अमावास्या, म्हणून घरी निघालेल्या माणसांची खचाखच गर्दी. वादळी समुद्रात ती बोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. अलिबाग, रेवस, पेणकडच्या कितीतरी घरांत ती आठवण अजून आहे. अलीकडेच, १८ डिसेंबर २०२४ रोजी, गेटवेहून घारापुरीकडे जाणाऱ्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि माणसं दगावली. तेव्हा समुद्र शांत होता, ऊन होतं. त्यानंतर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. उकडतं म्हणून ते काढून मांडीवर ठेवणारी माणसं मी दर खेपेला पाहतो. अंगात घाला, पट्टे बांधा, मुलांचे पट्टे स्वतः तपासा. आणि बोट डोळ्यांना भरलेली दिसत असेल तर पुढच्या बोटीने जा.

बोट लागण्याचा त्रास असेल तर रिकाम्या पोटी निघू नका आणि तुडुंब खाऊनही नाही. खालच्या मजल्यावर मधोमध बसा, तिथे हेलकावा कमी. आल्याची वडी किंवा आवळासुपारी बरोबर ठेवा. ताजी शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला, दिवस भरत आलेल्या बाईला लाकडी लाँचने नेऊ नका. मुंबईच्या इस्पितळातून घरी न्यायचं असेल तर सरळ रस्त्याने, मधे गाडी न बदलता न्या.

आता अलिबाग. कच्चा दुवा आहे तो इथेच. मुंबईहून अलिबागपर्यंत पोहोचणं सोपं आहे. अलिबागहून पनवेल-पेणकडे गाड्या भरपूर आहेत, पण महाडकडे थेट जाणाऱ्या मोजक्या. स्टँडवर उतरल्या उतरल्या चौकशीच्या खिडकीवर जा, महाडच्या पुढच्या गाडीची वेळ विचारा. तासाच्या आत गाडी असेल तर थांबा, घासभर खाऊन घ्या, कारण पुढचा पल्ला शंभर किलोमीटरच्या वर आहे. गाडी लांबची असेल तर खोळंबून राहू नका. पेणकडे जाणारी कुठलीही एसटी धरा आणि पेणला रामवाडीच्या स्टँडवर उतरा. मुंबई-पनवेलहून महाड, पोलादपूर, खेड, चिपळूणकडे जाणाऱ्या गाड्या तिथे मिळतात. वडखळला उतरून गाडी बदलावी असं नकाशा पाहून वाटतं, कारण पेणला जायचं म्हणजे थोडं उलटं जावं लागतं. पण वडखळच्या बाहेरून वळणरस्ता झाल्यापासून लांबच्या गाड्या गावात शिरतीलच याची खात्री नाही. नाक्यावर उन्हात हात करत उभं राहण्यापेक्षा आठ-दहा किलोमीटर मागे जाऊन स्टँडवर बसलेलं बरं. तिसरा पर्याय अलिबाग-रोहा-कोलाड असा. कोलाडला महामार्ग मिळतो. रोह्याची गाडी समोर लागलेली असेल तर खुशाल बसा.

हा सगळा खटाटोप करावा का, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. एरवीच्या दिवशी, केवळ महाडला पोहोचायचं असेल, तर मुंबई किंवा पनवेलहून सरळ महाड-पोलादपूर एसटी घ्या, ती लवकर पोहोचवते. कोकण रेल्वेने वीर स्टेशनला उतरून महाडला जाण्याचाही मार्ग आहे. पाण्याची वाट उपयोगी पडते ती दक्षिण मुंबईत राहणाऱ्यांना, ज्यांना पनवेलपर्यंत जाण्यातच दोन तास मोडतात. आणि ज्यांचं अलिबागला काम असतं त्यांना. अलिबाग हे जिल्ह्याचं ठिकाण. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा न्यायालय सगळं तिथे. पोलादपूरच्या माणसाला एका सहीसाठी अख्खा दिवस मोडून तिथे यावं लागतं. मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलाने सकाळच्या बोटीने अलिबागला यावं, गावाहून वडिलांनी पहाटेच्या गाडीने यावं, दोघांनी मिळून काम उरकावं आणि दुपारच्या गाडीने एकत्र गावी जावं, यासारखी सोय दुसरी नाही. आमच्या घरातली वारसनोंदीच्या अपिलाची कामं आम्ही अशीच केली.

गणपतीच्या गर्दीत समुद्राने जावं का, असं बरेच जण विचारतात. गणपती येतात तेव्हा लाँचा सुरू झालेल्या असतीलच असं नाही, रो-रोचं तिकीट आधीच संपलेलं असतं, आणि माणगाव, इंदापूरची कोंडी तर अलिबागमार्गे जाऊनही चुकत नाही. पनवेल ते इंदापूर रुंदीकरणाचं काम २०११ पासून चालू आहे, आणि माणगावच्या बाजारपेठेतून गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते. पाण्यामार्गे तुमची मुंबई-पनवेल-पेणची कोंडी वाचते, पुढची नाही. तेवढ्यासाठी जायचं तर रात्री न निघता पहाटे निघा.

स्वतःची मोटारसायकल असेल तर मात्र रो-रो फार कामाची. गाडी बोटीत लावा, तासभर वारं खा, मांडव्याहून पेट्रोल भरून निघा. अलिबागच्या बसची वाट बघणं नाही, स्टँडवर ताटकळणं नाही, आणि गावात पोहोचल्यावर हाताशी वाहन. चारचाकीवाल्यांचा हिशेब १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाल्यापासून बदलला आहे. शिवडीहून न्हावाशेव्याला उतरणं आता बोटीपेक्षा बहुधा लवकर होतं, आणि अटल सेतूवर दुचाकी चालत नाही. तेव्हा रो-रोचा खरा फायदा दुचाकीवाल्यालाच.

सामान कमी ठेवा, हे सगळेच सांगतात. या वाटेवर त्याला कारण आहे. टॅक्सी, धक्का, लाँच, अलिबागची बस, महाडची एसटी, गावची एसटी असं तुमचं सामान पाच-सहा वेळा उतरतं-चढतं. येताना घरून तांदळाची गोणी आणण्याचा मोह होतो. एका गोणीऐवजी दोन पिशव्या करा, दोन्ही हातांत एकेक. कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा, लाँचमध्ये पाणी उडतं. आधार कार्ड वरच्या खिशात हवं, कारण एसटीत ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांपुढच्यांना मोफत प्रवास असतो, पण वयाचा पुरावा दाखवावा लागतो. बायकांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. ही सवलत एसटीची, बोटीच्या तिकिटात ती नाही. तरीही आईला आणि मावशीला घेऊन निघालात तर अलिबाग ते पोलादपूर भाड्यात बरीच बचत होते.

महामार्गावरून जाताना कंडक्टरला सुरुवातीलाच विचारा, “गाडी स्टँडवर जाणार की बाहेरच उतरवणार?” रस्ता रुंद होऊन वळणरस्ते आणि उड्डाणपूल झाल्यापासून खेड-चिपळूणकडच्या काही गाड्या प्रवाशाला बाहेर उतरवतात. रात्री, सामानासह, महामार्गाच्या कडेला उभं राहणं धोक्याचं. पोलादपूरला जाणाऱ्याने महाड गेल्यावर जागं राहावं, अंतर वीस किलोमीटरच्या आत आहे. झोप लागली तर पुढे कशेडी घाट, आणि उतरायची वेळ खेडला.

जुलै-ऑगस्टमध्ये मुसळधार पावसाचा इशारा असेल तर महाड-पोलादपूरकडे रात्री प्रवास करू नका, बोटीनेही नाही आणि एसटीनेही नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसट्या गेल्या. अंधारात पूल नाही हे ड्रायव्हरला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला आणि तो भक्कम आहे. पण २२ जुलै २०२१ ला महाड शहर पाण्याखाली गेलं, तळिये गावावर दरड आली, आणि आंबेनळी, वरंध घाटांत दर पावसाळ्यात दरडी कोसळतात. अशा दिवशी घरच्यांना फोन करा. नदीच्या पाण्याची खबर त्यांना आपल्याआधी लागलेली असते. ‘येऊ नकोस’ असं ते म्हणाले तर मुंबईतच थांबा.

परतीचा हिशेबही उलटाच मांडायचा, फक्त आता शेवटच्या गाडीच्या जागी शेवटची बोट धरायची. लाँचा अंधार पडायच्या सुमाराला बंद होतात, म्हणून गावाहून पहाटेची वस्तीची गाडी धरा आणि दुपारी दोन-तीनपर्यंत अलिबाग गाठा. बोट चुकली तरी घाबरून जाऊ नका, अलिबागहून पनवेलची एसटी रात्रीपर्यंत मिळते आणि पनवेलहून लोकल आहेच. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी दोन फोन न चुकता करा. एक धक्क्यावर, उद्याची बोट सुटणार का म्हणून. दुसरा महाड किंवा पोलादपूरच्या स्टँडवर, गाडीची वेळ बदललेली नाही ना म्हणून.